काळीतले घर : शेतजमिनीवरील घरबांधणी आणि तिच्या परवानगीचा इतिहास

महाराष्ट्रात वडिलोपार्जित शेतजमिनीवर राहते घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन निरनिराळ्या दारांशी उभे राहावे लागले. एक दार महसूल खात्याचे, जिथे जमिनीचा शेतीकडून अन्य कामाकडे होणारा बदल मंजूर करून घ्यावा लागे आणि ज्याला बोलीभाषेत ‘बिनशेती’ किंवा ‘एन.ए.’ करणे म्हणतात. दुसरे दार नगररचनेचे, जिथे त्या जागी इमारत असावी की नसावी, असल्यास केवढी असावी, हे ठरे. ही दोन दारे एकाच सरकारची असली तरी त्यांचे मूळ वेगळे आहे आणि त्यांच्या वयात जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे. पहिल्याचा जन्म साऱ्याच्या हिशेबातून झाला, दुसऱ्याचा शहरांच्या वाढीच्या धास्तीतून. या दोन्हींच्या आधी गावाची स्वतःची एक व्यवस्था होती, जिच्यात घर कुठे असावे हे लेखी कायद्यावाचून ठरलेले होते. शेतकऱ्याला आज भोगावे लागणारे बहुतेक पेच या तीन थरांच्या एकमेकांवर बसण्यातून निर्माण झाले आहेत, आणि ते सुटे करून पाहिल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नाही.

देशावरच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरच्या, जुन्या गावाचे दोन भाग मानले जात. लोकवस्तीची जागा ती पांढरी आणि लागवडीची जमीन ती काळी. ही विभागणी केवळ सांकेतिक नव्हती, तिला मातीचा आधार होता. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी मातीच्या भिंती उभ्या राहून ढासळल्या, चुलीची राख आणि गुरांचे शेण तिथेच मुरले, की त्या जागेचा रंग फिकट होतो आणि ती भोवतालच्या शिवारापेक्षा उंचावते. अशी पांढरीची टेकाडे गोदावरी, प्रवरा, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी जागोजाग आहेत आणि पुरातत्त्व संशोधकांना प्राचीन वस्त्यांचा माग त्यांच्यावरूनच लागला; शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन हे त्याचे ठळक उदाहरण होय. पांढरीची माती पाणी फारसे मुरू देत नाही म्हणून धाब्याच्या घरांच्या छतावर ती पसरत असत, आणि खत म्हणून ती शेतातही नेत असत. याउलट काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उभारलेली मातीची भिंत तग धरत नाही. पाया मुरमापर्यंत न्यायचा तर खर्च परवडत नाही. चांगल्या काळीत घर बांधणे हे पिकाच्या दृष्टीने नुकसानीचे तर होतेच, पण बांधकामाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नव्हते.

मातीखेरीज आणखी कारणे होती. स्वाऱ्या, दरोडे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस वाढलेला पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळे एकट्या घराला शिवारात सुरक्षितता नव्हती, म्हणून गावे एकवटून राहिली आणि अनेकांनी भोवती गावकूस, म्हणजे दगडमातीचा तट, उभारला. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा नदीचा पाणोठा एकच असे. बलुतेदार, म्हणजे गावाची ठरलेली कामे करून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे कारागीर आणि सेवक, सर्वांना हाकेच्या अंतरावर हवे असत. पाटील आणि कुलकर्णी यांनाही वसुलीच्या आणि न्यायनिवाड्याच्या सोयीसाठी रयत एका ठिकाणी असणे इष्ट वाटे. गावात नव्याने येणाऱ्याला घरासाठी जागा, म्हणजे घरठाण, देण्याचा निर्णय पाटील आणि गावचे मिरासदार यांच्या हाती होता. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला कुळवाडी. पाटीलकीच्या वतनाच्या कागदांत हक्क, मानपान आणि जमीन यांच्याबरोबर घरवाड्याचाही उल्लेख येतो, तो उगाच नव्हे. पांढरीत घर असणे हा गावात स्थान असल्याचा पुरावा होता.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घर कुठे असावे हे जसे मातीने ठरवले तसे जातीनेही ठरवले. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाच्या बाहेर असत, आणि तिथल्या माणसाला कुसाच्या आत जागा मागण्याची सोयच नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात गावव्यवस्थेचे जे बारकाईचे वर्णन आहे, त्यातून ही बांधणी किती घट्ट होती आणि तिचे सांधे विसाव्या शतकाच्या आरंभी कसे निखळू लागले होते, हे दोन्ही दिसते. लेखी परवानगीचा कायदा नव्हता, याचा अर्थ परवानगी लागत नव्हती असा होत नाही. ती वेगळ्या नावाने आणि वेगळ्या लोकांकडून लागत होती.

कोकणात हे चित्र लागू पडत नाही. तिथे घरे वाड्यांमध्ये विखुरलेली, प्रत्येक घर आपल्या आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, किंवा भातखाचरांच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर वसलेले. पांढरी आणि काळी अशी रेघ तिथे ओढता येत नाही. विदर्भात, विशेषतः मालगुजारीच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, वस्तीच्या जागेला आबादी म्हणत आणि तिथे घराची जागा देण्यात मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरणाऱ्या जमीनदाराचा, शब्द चाले. पुढे संपूर्ण राज्याला एकच कायदा लागू झाला तेव्हा तो मुख्यतः देशावरच्या गावाचे रूप डोळ्यांपुढे ठेवून घडलेल्या मुंबई इलाख्याच्या कायद्याच्या घाटाचा होता, आणि कोकणातल्या विखुरलेल्या घरांना त्याच्या चौकटीत बसवणे कायम अवघड गेले.

१८१८ साली पेशवाईचा शेवट झाल्यानंतर इंग्रजांनी दख्खनेत रयतवारी पद्धत आणली. या पद्धतीत सरकार मध्यस्थाशिवाय प्रत्येक खातेदाराकडून सारा घेई, म्हणून प्रत्येक शेताची मोजणी आणि प्रतवारी करणे ओघानेच आले. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पहिल्या पाहणीतले दर रयतेला पेलवले नाहीत. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात या पाहणीचे नियम पक्के झाले. शेताला क्रमांक मिळाला, बांधांवर हद्दीचे दगड बसले, जमिनीच्या पोताप्रमाणे आकार ठरला आणि तो सामान्यतः तीस वर्षांसाठी कायम राहील असे आश्वासन दिले गेले. ही मोजणी शिवाराची होती. गावठाण, म्हणजे वस्तीचे क्षेत्र, नकाशावर एका अखंड आकाराने दाखवले जाई, त्यावर शेतसारा नसे, आणि आतल्या घरांच्या, बोळांच्या, परड्यांच्या हद्दी सर्वसाधारणपणे मोजल्या जात नसत. सरकारला उत्पन्न काळीतून मिळत होते, म्हणून सरकारची नजर काळीवर होती. या एका साध्या कारणामुळे गावातल्या घराला पुढे शंभराहून अधिक वर्षे सातबाऱ्यासारखा हक्काचा कागद मिळाला नाही, आणि शेतातल्या घराला कागद होता तो घराचा नव्हे तर शेताचा.

बिनशेती परवानगीचा खरा आरंभ १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात आहे. त्यातील कलम ४८ प्रमाणे जमिनीवरील आकार तिच्या वापरावर अवलंबून ठेवला गेला : शेती, इमारत, किंवा अन्य कोणतेही प्रयोजन. कलम ६५ ने खातेदाराला आपल्या शेतात शेतीच्या इमारती बांधण्याचा, विहिरी आणि तळी खोदण्याचा, लागवडीच्या सोयीसाठी इतर सुधारणा करण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायला सांगितले नाही. मात्र जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची असेल तर आधी कलेक्टरची परवानगी घ्यावी असे बंधन घातले. कलेक्टरने तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशीही तरतूद त्यात होती. परवानगीवाचून वापर बदलणाऱ्याला जमिनीवरून काढण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार कलम ६६ ने दिला.

या कलमांमागचा विचार समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण नंतरच्या काळात त्यांच्यावर भलताच अर्थ लादला गेला. १८७९ च्या कायदेकर्त्यांना शिवाराचे सौंदर्य राखायचे नव्हते, की अन्नधान्याच्या उत्पादनाची तजवीज करायची नव्हती. रयतवारीचे तत्त्व असे होते की जमिनीच्या उत्पन्नात सरकारचा हिस्सा आहे; ज्या जमिनीवर एकरामागे थोडासा शेतसारा बसतो, तिच्यावर बंगला किंवा गिरणी उभी राहिली की तिचे उत्पन्न अनेक पटींनी वाढते, आणि त्या वाढीतही सरकारला हिस्सा हवा होता. परवानगीची अट ही त्या वाढीव आकारणीची सूचना वेळेवर मिळावी यासाठी होती. म्हणूनच परवानगीबरोबर सनद दिली जाई आणि तलाठ्याच्या दप्तरात बिनशेती महसुलाची स्वतंत्र नोंदवही, जिला पुढे गाव नमुना दोन असे नाव मिळाले, ठेवली जाई. शेतकऱ्याचे शेतातले घर या जाळ्यातून सुटले होते, कारण ते शेतीच्या सोयीचे आहे आणि त्यावर वेगळा आकार लावण्यात अर्थ नाही, हे त्या काळच्या कठोर महसुली दृष्टीलाही मान्य होते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि तिच्यातून हक्कांची नोंद व पिकांची नोंद एकत्र दाखवणारा सातबारा उतारा आकाराला आला; अशा उताऱ्यात शेतातल्या घराला आलाच तर एखाद्या शेऱ्याएवढा उल्लेख येई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशावरचा शेतकरी हळूहळू पांढरी सोडून काळीत राहायला जाऊ लागला. गावकुसाची गरज संपली होती. बंदोबस्त बरा झाला होता. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि कालव्याखालच्या उसाला, भाजीपाल्याला रात्री-अपरात्री पाणी धरण्यासाठी माणूस शेतातच हवा झाला. जिथे कालवा नव्हता तिथे विहिरीने तेच काम केले. मोटेच्या जागी तेलावरचे इंजिन आणि स्वातंत्र्यानंतर विजेचा पंप आला तेव्हा बागायत वाढली आणि मळ्यातली वस्ती कायमची झाली. आधी राखणीची खोप, मग गुरांचा गोठा, मग पत्र्याचे छप्पर, मग विटांच्या दोन खोल्या असा हा प्रवास असंख्य कुटुंबांत घडला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की गावातले जुने घर थोरल्याकडे राही आणि धाकटे आपापल्या वाट्याच्या जमिनीवर घर करीत. आज नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांत आडनावांनी ओळखल्या जाणाऱ्या ज्या वस्त्या आणि मळे दिसतात, ते बहुतेक या स्थलांतराचे फळ आहे. त्यासाठी कोणी नकाशा मंजूर करून घेतला नव्हता, आणि कायद्याने तो मागितलाही नव्हता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शेतजमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा म्हणजे ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई करणारा आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणणारा कायदा. १९४८ चा कूळकायदा कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्यासाठी झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मानून कुळांकडे मालकी गेली. कूळकायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. हे दोन्ही कायदे न्याय्य हेतूने झाले आणि त्यांनी लाखो कुटुंबांना जमिनीवर स्थिर केले, यात शंका नाही. पण शेतातल्या घराच्या बाबतीत त्यांचा एक परिणाम असा झाला की ज्या बापाला आपल्या पाच एकरांतून एका मुलाला घरापुरते चार गुंठे वेगळे काढून द्यायचे होते, त्याचा तो व्यवहार ‘तुकडा’ ठरू लागला. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, म्हणजे १०८९ चौरस फूट. घराला दोन-चार गुंठे पुरतात, आणि प्रमाणभूत क्षेत्र त्याहून कितीतरी मोठे होते. अलीकडे, २०२३ मध्ये, बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे कमी करण्यात आले, तरीही घराची गरज त्याच्या खालीच राहते.

कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तेव्हा महार वतनाच्या जमिनी जुन्या वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नव्या शर्तीने. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेली ही जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही आणि तिचा वापर बदलायचा तर सरकारला नजराणा भरावा लागतो. गावकुसाबाहेर राहायला लावलेल्या समाजाला स्वातंत्र्यानंतर स्वतःच्या जमिनीत घर बांधतानाही इतरांपेक्षा एक पायरी जास्त चढावी लागली. हा अन्याय कोणी ठरवून केला असे नव्हे, पण तो झाला.

१९६० साली राज्य झाले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्यात १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा आणि विदर्भात मध्य प्रदेशचा कायदा चालू होता. या सर्वांच्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. मुंबईच्या कायद्यातील कलम ६५ चा वारसा तिच्या कलम ४१ ने चालवला. ‘शेतघर’, म्हणजे शेतीची इमारत, याची संहितेने केलेली व्याख्या उदार होती : अवजारे, खत, वैरण आणि धान्य ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा, आणि त्याचबरोबर खातेदाराच्या कुटुंबीयांचे, गड्यांचे किंवा कुळांचे निवासस्थान. म्हणजे शेतकऱ्याने शेतात स्वतःसाठी बांधलेले घर हे कायद्याच्या लेखी शेतीचाच भाग होते. कलम ४२ ने इतर वापरासाठी परवानगीची अट ठेवली, कलम ४४ ने अर्जाची रीत सांगितली आणि कलेक्टरने नव्वद दिवसांत निर्णय न दिल्यास परवानगी गृहीत धरण्याची जुनी सोय चालू ठेवली.

त्याच वर्षी विधिमंडळाने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमही संमत केला. नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला होता, पण त्याचे आणि १९५४ च्या सुधारित कायद्याचे लक्ष शहरांवर होते. १९६६ च्या कायद्याने ‘प्रदेश’ ही नवी कल्पना आणली : शहर आणि त्याच्याभोवतीची शेकडो गावे यांचा एकत्र आराखडा, ज्यात प्रत्येक जमिनीचा विभाग ठरलेला असेल. त्याच्या कलम १८ नुसार प्रादेशिक योजना जाहीर झाल्यावर शेतीखेरीज कोणत्याही कामासाठी जमिनीचा वापर बदलायला किंवा तिथे विकास करायला पूर्वपरवानगी आवश्यक झाली. मुंबई महानगर प्रदेशाची योजना १९७३ मध्ये मंजूर झाली आणि पुढे पुण्यासह इतर प्रदेशांच्याही योजना आल्या. नकाशावर गावठाणाचा एक ठिपका, त्याभोवती थोडा रहिवासी पट्टा आणि उरलेले सारे शिवार हिरव्या रंगाचे, म्हणजे ‘शेती विभाग’. पांढरी आणि काळी यांची जुनी रेघ जणू नव्याने ओढली गेली, फक्त या वेळी ती मातीवरून नव्हे तर शहराच्या वाढीला आवर घालण्याच्या गरजेवरून आली.

इथूनच पेच सुरू झाला. महसूल संहिता म्हणत होती की शेतकऱ्याचे शेतातले घर ही शेतीच आहे. नियोजनाचा कायदा म्हणत होता की बांधकाम म्हणजे विकास आहे आणि विकासाला परवानगी हवी. दोन्ही परवानग्या पुष्कळदा कलेक्टरच्याच कचेरीतून निघत, पण दोन टेबलांवरून, दोन नियमावल्यांनी. बिनशेतीच्या अर्जावर नगररचना खात्याचा अभिप्राय मागवण्याची रीत रूढ झाली आणि अशा रीतीने मूळची साऱ्याची नोंद करणारी परवानगी नियोजनाचे हत्यार बनली, जे तिचे कधीच काम नव्हते. याची झळ बंगल्यांच्या वसाहती उभारणाऱ्यांना फारशी लागली नाही, कारण त्यांच्याकडे वास्तुविशारद, वकील आणि वेळ होता. ती लागली दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्याला.

शेतघराची सवलत आकसण्याला शहरी पैसाही कारणीभूत झाला. लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग या भागांत शेतीच्या नावाखाली ‘फार्महाऊस’ उभी राहू लागली, तेव्हा कलम ४१ मध्ये दुरुस्ती करून मुंबई, पुणे आणि नागपूर महानगरपालिकांच्या हद्दीत व त्यांच्याभोवती आठ किलोमीटर, इतर महानगरपालिकांभोवती पाच किलोमीटर, ‘अ’ वर्ग नगरपालिकांभोवती तीन किलोमीटर, तसेच प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतघरालाही कलेक्टरची परवानगी बंधनकारक करण्यात आली. जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर, असावी, राहत्या शेतघराचे जोते १५० चौरस मीटरांपेक्षा मोठे नसावे, इमारत तळमजल्याचीच असावी, अशा अटी आल्या. बंगलेवाल्याला रोखण्यासाठी लावलेली ही गाळणी पाऊण एकराच्या खऱ्या शेतकऱ्यालाही अडवते. जिथे वाटण्यांनी बहुतेक धारणक्षेत्रे एकराच्या आसपास आली आहेत, तिथे ही अट सर्वांत लहान शेतकऱ्यालाच वगळणारी ठरते, आणि हा या दुरुस्तीतला गंभीर दोष आहे.

परवानगीच्या फायलीत काय काय लागते हे पाहिले की कुटुंबाचा इतिहासच तिच्यात गोळा होतो. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा, जमीन कुणाकडून कशी आली हे दाखवणारे जुने फेरफार, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, जागेपर्यंत जाणारा रस्ता, घराचा नकाशा, आणि या सर्वांहून कठीण असलेली सहखातेदारांची संमती. वडिलोपार्जित जमीन अनेकदा आजोबांच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावे एकत्रच राहते. भाऊ तोंडी वाटणी करून आपापला भाग वर्षानुवर्षे कसतात, पण सातबाऱ्यावर सगळी नावे एकाखाली एक असतात, आणि त्यांतला एकजण घर बांधू लागला की बाकीच्यांच्या सह्या लागतात. रीतसर वाटप संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडून करून घेता येते. तेवढ्यापुरती घरात वाट पाहण्याची आणि न भांडण्याची तयारी मात्र असावी लागते.

सह्यांच्या या गरजेने बहिणींचा प्रश्न पुढे आणला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राने तोच हक्क २००५ मध्ये सर्व देशाला दिला. त्यामुळे सासरी गेलेल्या मुलींची नावे उताऱ्यावर आली, आणि भावाने घराची परवानगी किंवा कर्ज मागितले की त्यांच्याकडे हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून देणाऱ्या दस्ताचा, आग्रह सुरू झाला. घर हे निमित्त झाले आणि त्या निमित्ताने कित्येक स्त्रियांनी सगळ्या जमिनीवरचा हक्क माहेरच्या प्रेमाखातर सोडला. घराच्या तेवढ्या जागेपुरती संमती पुरेशी असताना संपूर्ण हिस्सा सोडायला लावणे, ही गोष्ट कायद्याने सांगितलेली नाही. ती समाजाने कायद्याच्या आडून करून घेतली आहे, आणि तिची दखल या विषयाच्या इतिहासात घ्यायलाच हवी.

ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांना कलम ४१ चा काही उपयोग नव्हता. भूमिहीनांसाठी वाढीव गावठाण, म्हणजे गावाला लागून सरकारी किंवा संपादित जमिनीवर घरांचे भूखंड पाडणे, हा उपाय अवलंबला गेला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कायद्यांनी नव्या गावठाणांत अठरा नागरी सुविधा देण्याचे बंधन सरकारवर घातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे समूळ हलवून नव्या जागी वसवण्यात आली. दगडमातीच्या जाड भिंतींची दाट पांढरी जिवावर बेतली होती, आणि तिच्या जागी शेतजमिनीवर आखीव रस्त्यांची, सुट्या सुट्या घरांची गावे उभी राहिली. एखाद्या मोठ्या आपत्तीनंतर शासन काही महिन्यांत शेकडो हेक्टर काळीचे गावठाण करू शकते, हे तेव्हा दिसले.

कायद्याची वाट लांब असल्याने लोकांनी स्वतःची वाट काढली. शहरांच्या कडेला शेतकऱ्यांनी गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या, घेणाऱ्यांनी नोटरीच्या कागदावर घरे बांधली. ही गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला आणि २००१ सालची मूळ कालमर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद करून घेणे आणि घरपट्टी भरणे, यालाच लोक परवानगी मानू लागले. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा किंवा बांधकामाच्या मंजुरीचा नाही, हे बहुधा बँकेत कर्जाचा अर्ज केल्यावर कळते.

शेजारच्या गोव्यातही शेतजमिनीचा वापर बदलण्यासाठी १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली सनद लागते. पण तिथे १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणाऱ्याला, संरक्षण मिळाले आणि ग्रामीण भागात घरासह ३०० चौरस मीटर जागा विकत घेण्याचा हक्कही मिळाला. घराचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा काढता येतो, हे गोव्याच्या कायद्याने मान्य केले. प्रादेशिक योजना २०११ विरुद्ध तिथे मोठे जनआंदोलन झाले आणि २००७ च्या आरंभी सरकारला ती मागे घ्यावी लागली. शेत आणि वस्ती यांची रेघ कुणी ओढावी याविषयी सामान्य माणसे किती सजग असू शकतात, याचे ते उदाहरण आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून महसूल संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड यांची भर पडली. विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जी जमीन आधीच रहिवासी ठरली आहे तिच्यासाठी बिनशेतीची वेगळी परवानगी अनावश्यक मानली गेली, आकारणीची रक्कम भरली की काम भागू लागले. म्हणजे महसुलाची परवानगी पुन्हा तिच्या १८७९ मधल्या मूळ कामाकडे वळली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्याच वर्षी २४ एप्रिलला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घराघराला मिळकत पत्रिका देण्याच्या या कामाचा महाराष्ट्रातील पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला होता.

या सुधारणांचा लाभ गावठाणाला आणि त्याच्या लगतच्या जमिनीला मिळतो. कलम ४२-ड खाली बिनशेती मानली जाणारी जमीन गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आत असावी लागते आणि ही हद्द म्हणजे संहितेच्या कलम १२२ खाली ठरलेली हद्द. ती पुष्कळ गावांत लोकसंख्या आताच्या निम्मीही नव्हती तेव्हाची आहे. विहिरीच्या आणि कालव्याच्या पाण्यामागे जाऊन दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरांवर वसलेल्या मळ्यांपर्यंत ते दोनशे मीटर पोचत नाहीत. तिथे आज तिसरी-चौथी पिढी राहते, शाळा आहे, डांबरी रस्ता आहे, काही ठिकाणी स्वतंत्र मतदानकेंद्रही आहे, आणि तिथल्या घराचा कायदेशीर आधार अजूनही शेतघराची ती व्याख्या आहे, जिच्यात घरातल्या माणसांनी जमीन कसत राहणे गृहीत धरलेले आहे. त्या घरातला एक मुलगा शेजारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, दुसरा शिक्षक असतो, जमीन वाट्याने दिलेली असते. अशा घराला शेतघर म्हणायचे की राहते घर, याचे उत्तर संहितेच्या व्याख्येत अद्याप लिहिलेले नाही, आणि ते लिहिताना वस्तीला गावठाणाचा दर्जा देण्याचा प्रश्नही त्याच वेळी हाती घ्यावा लागेल.